कांचनवाडीच्या पुढे न जाणारी गाडी

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात स्वयंपाकघर आणि अण्णांचं पत्र्याचं शेड यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीला खिडकी होती. त्यामुळे आईच्या फोडणीचा वास शेडमध्ये जायचा आणि शेडमधला रेझिनचा वास आमच्या भाकरीला यायचा. रेझिन म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर चिकटवायला लागतं ते चिकट रसायन. ते वाळलं की फायबर होतं, आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्या फायबरची एक अख्खी मोटारगाडी केली होती. फायबर घासायला काढलं की त्याची कुसं घरभर उडायची. गाद्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, शाळेच्या दप्तरात, सगळीकडे. आम्ही जेवताना एका हाताने घास घ्यायचो आणि दुसऱ्या हाताने खाजवायचो. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि धुताना मोठ्यांदा बोलायची, "बाकीच्या बायांचे नवरे दारू पितेत, पण घरी येऊन झोपतेत तरी." अण्णा शेडमधून ओ द्यायचे, "मी बी घरातच हाय की!" त्यावर आई बादली आपटायची.

अण्णा शेंद्र्याच्या शेतकरी घरातले, चार भावांत धाकटे. शेतात मन रमेना म्हणून आयटीआय करून चितेगावच्या एका कारखान्यात लागले आणि पुढे तिथल्या टूलरूममध्ये गेले. टूलरूममध्ये साचे बनतात, आणि ज्याच्या हाताचा साचा चुकतो त्याची चूक पुढे हजारो मालांवर उमटते. त्यामुळे तिथल्या माणसांना आपल्या हातावर फार भरवसा असतो आणि बाकी कुणाच्याच हातावर नसतो. हे मी आता कळून बोलते आहे. तेव्हा मला ते नुसते हट्टी वाटायचे.

रद्दीच्या दुकानात एका परदेशी मासिकात त्यांना त्या गाडीचं चित्र सापडलं होतं. इंग्लंडातली, त्यांच्या जन्माच्याही आधीची, लांब नाकाची, टप नसलेली, दोनच माणसं बसतील अशी हिरवी स्पोर्ट्स कार. अस्सल गाडी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. चित्रात तिची डावी बाजू तेवढी दिसत होती. उजवी बाजू अण्णांनी आपल्या मनाने केली. खाली जुन्या जीपची चासी, इंजिन भंगारात निघालेल्या एका टॅक्सीचं, मीटर स्कूटरचे. बाकी जे बाजारात मिळालं नाही ते त्यांनी स्वतः लेथवर काढलं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण असंच त्यांच्या हातचं होतं. पितळेचं, वर क्रोम चढवलेलं, तळहाताएवढं, गाडीच्या मागच्या बाजूला डिक्कीच्या वर बसवलेलं. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत हवा यायला हवी, म्हणून ते भोक. पाहुणे आले की अण्णा आधी झाकण दाखवायचे, मग गाडी.

पहिलं वर्ष गाडी छान चालली. वाळूजपर्यंत जाऊन आली, एकदा आम्हा दोघींना एकाच सीटवर दाटीवाटीने घेऊन दौलताबादचा घाट चढली. आईने डोक्याला रुमाल बांधून जाताना-येताना देवाचं नाव घेतलं आणि घरी आल्यावर शेजारणींना मात्र थाटात सांगितलं. त्यानंतर काय झालं कुणास ठाऊक, गाडी पंधरा मिनिटं पळायची आणि मग दम तोडायची. आधी आचके द्यायची, मग एकदम गप्प. अर्धा तास उभी ठेवली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू, पुन्हा पंधरा मिनिटं. अण्णा चाचणीला नेहमी पैठण रोडने जायचे, कारण तो त्यांचा कामाचा रस्ता, स्कूटरवरून रोज तुडवलेला. गाडी दर वेळी कांचनवाडीच्या आसपास थांबायची. तिथल्या टपरीवाल्याने शेवटी आमच्यासाठी एक बाकडं वेगळं ठेवलं होतं.

पुढची सहा-सात वर्षं आमच्या घरात त्या पंधरा मिनिटांवर संसार चालला. अण्णांनी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पेट्रोलचा पंप तीनदा बदलला. रेडिएटर काढून बसवला. पंपाला ओलं फडकं गुंडाळलं, का तर पेट्रोलची वाफ होत असेल. कार्बोरेटर तर इतक्यांदा उघडला की त्याचे सुटे भाग आमच्या ताटाळ्यात ताटांबरोबर राहायचे. मी तेव्हा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होते आणि मला वाटायचं की आपण पुस्तकातून दोष शोधून काढू. मी वहीत तक्ते काढले, तापमान लिहिलं, कितव्या मिनिटाला आचका बसतो ते लिहिलं. पुस्तकातली सगळी कारणं एकेक करून खोडली आणि एक कारण, टाकीला हवा न मिळणं, त्याच्यापुढे अण्णांनी स्वतः काट मारली. "ते भोक मी पाडलंय, सुमे. ते सोड." मीही सोडलं. बापाच्या हाताबद्दल शंका घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती.

कार्बोरेटरचे उस्ताद हमीदचाचा रोशन गेटकडून यायचे. आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी त्यांना फार आवडायची, त्यामुळे काम नसलं तरी यायचे. बॉनेटमध्ये डोकं घालून ते अण्णांशी तासन्‌तास बोलायचे, दोघांची ढुंगणं तेवढी बाहेर दिसायची. एकदा त्यांनी सगळं तपासून हात पुसले आणि म्हणाले, "अण्णासाब, मशीन में कुच नई है. इसकू किसी की नजर लगी, मैं बोल्तूं."

अण्णा चिडले. "नजर? अरे, तुमी उस्ताद हाय का भगत हाय?"

"तो फिर तुम बोलो ना क्या है! मेरेकू बी समझा दो."

अण्णांनी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. आईला मात्र ते नजरेचं बोलणं पटलं. तेव्हापासून गाडीला लिंबू-मिरची आली, बिबा आला, अमावस्येला नारळ आला. अण्णा तोंड फिरवून उभे राहायचे, पण अडवायचे नाहीत. माणूस हरायला लागला की त्याचं आधी हे असं होतं.

आणि त्यांचं दुसरंही काही सुटत चाललं होतं. त्यांना साखरेचा आजार होता आणि तो डोळ्यांवर गेला. डॉक्टरांनी पडद्याचं काहीतरी सांगितलं, लेझर झालं, चष्मे झाले. उजव्या डोळ्याने फारसं दिसत नाही एवढं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. "डावा शाबूत हाय, एक बास हाय," म्हणायचे. स्कूटर सोडून ते कंपनीच्या बसने जायला लागले होते. टूलरूममधून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, तिथे मोजमाप नव्हतं, नुसत्या नोंदी. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. कंपनीत त्यांच्या गाडीची थट्टा चालायची, पवार नावाचे त्यांचे सुपरवायझर बसमध्ये चढताना रोज विचारायचे, "काय अण्णा, आज कांचनवाडी का?" आणि बस हसायची. हे मला अण्णांनी कधी सांगितलं नाही. पवारांच्याच मुलीने सांगितलं, तिला त्यात गंमत वाटत होती.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी गेट सजवतात, माणसं आपापल्या गाड्या धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून घेऊन येतात आणि एका रांगेत लावतात. इतक्या वर्षांत अण्णांची गाडी त्या रांगेत एकदाही उभी राहिली नव्हती. त्या वर्षी त्यांनी आठ दिवस आधी जेवताना सांगून टाकलं, "औंदा गाडी घिऊन जाणार. मी सवता चालवत. शेवटली खंडेनवमी हाय माझी तिथली." आईने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. येसराची आमटी निवत होती आणि कुणी भुरका मारत नव्हतं. मग आई म्हणाली, "सुमी संगं येईल." अण्णा म्हणाले, "येऊ दे की. मी कुठं नाय म्हन्लो."

आमच्या घरची खंडेनवमी सकाळी लवकर. पाटावर लाल कापड, त्यावर अण्णांचे पाने, पक्कड, हातोडी, व्हर्नियर, आईची विळी, कात्री, माझा ड्राफ्टर. भाजी आधी चिरून घ्यायची, कारण एकदा हळद-कुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती. मग गाडीची पूजा. झाकणावर स्वस्तिक काढायचा मान माझा. पहिल्या वर्षी पाण्यात कालवलेलं कुंकू क्रोमवरून ओघळून गेलं होतं, तेव्हा आईने युक्ती सांगितली की तेलात कालव, म्हणजे धरून राहील. ते खरंच धरून राहायचं. खंडेनवमीला, लक्ष्मीपूजनाला, आणि हमीदचाचांच्या त्या बोलण्यानंतर दर अमावस्येला मी अनामिकेने झाकणाच्या बरोबर मध्यावर ठिपका दाबायचे, मग चार रेघा, मग अक्षता. वरचं मी नंतर पुसायचे आणि पॉलिश लावायचे. झाकण चकचकीत ठेवण्याबद्दल अण्णा माझं कौतुक करायचे.

नऊच्या सुमाराला आम्ही निघालो. आईने धपाटे आणि दही दिलं. टोपलीत नारळ होता, कंपनीच्या गेटवर फोडायला. अण्णांनी पांढरा शर्ट घातला होता आणि हत्यारांची पेटी पाटाजवळच राहिली होती. मी म्हटलं, "अण्णा, एक पाना तरी घेऊ." ते म्हणाले, "आज त्यांची सुट्टी हाय. चालली तर चालली." स्टेशनजवळून पैठण रोडला लागलो. ऊन कोवळं होतं, गाडीचा आवाज भरदार होता, रस्त्याने पोरं ओरडत होती. अण्णा अगदी सरळ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. नक्षत्रवाडी गेली. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होते. कांचनवाडीला आचका बसला. मग दुसरा. मग गाडी टपरीच्या थोडी अलीकडे बाजूला जाऊन थांबली.

दर वेळी ते उडी मारून बॉनेट उघडायचे. त्या दिवशी हत्यारं नव्हती, मग उघडून करणार काय. नुसते बसून राहिले. जरा वेळाने म्हणाले, "पेट्रोलचा काटा कुठं हाय गं?" काटा त्यांच्यासमोर होता. मी सांगितलं, अर्ध्याच्या वर आहे. "त्येचा भरवसा नाय. टाकीत बघ."

इतक्या वर्षांत गाडी बंद पडल्यावर तिच्या मागच्या बाजूला कुणी गेलंच नव्हतं. आम्ही सगळे पुढे वाकायचो, कारण इंजिन पुढे. झाकण उघडायचं ते पेट्रोल पंपावर किंवा घरी, गाडी गार असताना. मी माळ बाजूला केली आणि झाकण फिरवलं. ते घट्ट बसलं होतं. जोर लावल्यावर सुटलं आणि टाकीने मोठ्यांदा श्वास आत ओढला. सुस्स करून, चांगला दोन-तीन सेकंद. मी झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीलाही कळेल असा तो आवाज होता: टाकीला हवा मिळत नव्हती, अर्धा तास थांबलं की आट्यांतून झिरपेल तेवढीच.

"अण्णा, चालू करा."

"आत्ताच? अर्धा तास तर..."

"करा तुम्ही."

गाडी पहिल्या फटक्याला चालू झाली.

मी झाकण उलटं केलं. खालच्या बाजूला भोकाच्या जागी एक काळपट लाल गोळी दिसत होती, लाखेसारखी कडक. अण्णांनी हात पुढे केला. मी झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठ्याने चाचपलं, वरून आणि खालून.

"काय भरलंय?"

"कुंकू हाय, अण्णा. तेलातलं."

इंजिन चालत होतं. टपरीवाला बाकडं पुसायला आला होता, तोही थांबला. मला वाटलं आता ते मला मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. इतकी वर्षं त्यांनी हमीदचाचांशी भांडणं केली, कॉइलवाल्याला शिव्या दिल्या, बसमधलं हसणं ऐकून घेतलं, आणि ते सगळं माझ्या अनामिकेने केलं होतं. मी रडायला लागले. अण्णा म्हणाले, "रडती कशाला? तू पूजाच केली की. म्या कवा बघितलं? सगळं जग तपासलं, माझं भोक नाय तपासलं." मग म्हणाले, "पिन हाय का तुझ्याकडं?" मी ओढणीची सेफ्टीपिन काढली. "तिची पूजा नाय ना झाली? मग चालतंय." त्यांनी पिनेने भोक मोकळं केलं, फुंकर मारली, ओठांना हवा लागते का ते पाहिलं आणि झाकण माझ्याकडे दिलं.

कांचनवाडीच्या पुढचा रस्ता त्या गाडीने त्या दिवशी कितीतरी वर्षांनी पाहिला. घरापासून चालल्याची पंधरा मिनिटं होऊन गेली, वीस झाली. गाडी नुसती वाहत होती. अण्णा मोठमोठ्याने हसत होते. "पवारला म्हणावं, आता बोल!" मीही हसत होते, डोळे पुसत होते. ते सुख मी नाकारणार नाही. पण ते फार तर दोन-तीन किलोमीटरचं होतं.

आधी एक सायकलवाला. तो आमच्या बाजूने चालला होता आणि अण्णा त्याच्या मागे सरळ जात राहिले. मी ओरडले तेव्हा त्यांनी स्टिअरिंग ओढलं. "दिसला हुता," ते म्हणाले. मग समोरून ट्रॅक्टर आला, तो आवाज आल्यावर ते बाजूला झाले, दिसल्यावर नव्हे. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघतच नव्हते, नुसतं तोंड तिकडे होतं, आणि कान टवकारलेले. कांचनवाडीपर्यंतची पंधरा मिनिटं त्यांना पाठ होती. तेवढ्यासाठी डोळे लागत नव्हते, आणि त्याच्या पुढे गाडी कधी गेली नाही म्हणून आम्हाला काही कळलं नाही. किती दिवसांपासून असं होतं, ते मी त्यांना पुढेही कधी विचारलं नाही. आज माझ्या चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो आणि डॉक्टर अक्षरं वाचायला लावतात, तेव्हा मी न दिसणारी अक्षरंही अंदाजाने ठोकून देते. ती खोटं बोलण्याची घाई मला आता समजते.

"हळू घ्या अण्णा," मी म्हटलं. "मी चालवू का?"

"गेटापसतोर मीच."

गेट जवळ आलं. मला लांबूनच दिसलं. दोन्ही बाजूंना केळीचे खांब, आंब्याचे टाळ, रंगीत पताका. आत गाड्यांची रांग, बाहेर धुतलेल्या कपड्यांतली माणसं. आमची गाडी पाहून त्यांच्यात एकदम गलका झाला. पवार पुढे आले, दोन्ही हात वर करून. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी "अण्णाऽऽ" म्हणून हाक मारली, पण इंजिनाचा आवाज मोठा होता. मी म्हणायला हवं होतं, अण्णा, हेच. तोंडही उघडलं. पण ते त्याच वेगाने, तोंड सरळ ठेवून, मान ताठ करून चालले होते, आणि त्या माणसांसमोर "अण्णा, गेट" असं ओरडायचं म्हणजे काय ओरडायचं, हे मला त्या दोन क्षणांत कळलं. मी गप्प राहिले. गेट आमच्या डाव्या हाताने निघून गेलं. पवारांचे हात वरच राहिले.

"गेटाच्या अलीकडं ब्रेकर हाय," अण्णा म्हणाले. "बस तिथं लई आदळती. अजून आला कसा नाय?"

गेटासमोरचा रस्ता सणासाठी रातोरात नव्याने डांबरी केला होता. ब्रेकर त्याखाली गेला होता.

गाडी सुरेख चालत होती. दोन्ही बाजूंना कपाशी होती. एखादा किलोमीटर तसाच गेला असेल. मग अण्णांचा पाय हलका झाला.

"गेट गेलं नं, सुमे?"

"व्हय."

"माणसं हुती?"

"हुती."

"कोण कोण?"

मी नावं सांगितली. पवार, स्टोअरचे दोघं, टूलरूमची सगळी पोरं.

"हात केला त्यांनी?"

"केला."

"आन म्या तसाच निघून आलो." "त्यांना वाटंल, अण्णाला गाडीचा माज आला."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. मी सांगत गेले तशी, डावीकडे, अजून, बास. इंजिन बंद केलं नाही. दार उघडून उतरले आणि बॉनेटवर हात ठेवत, लांब नाकाच्या कडेने चाचपत, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. मी उतरून उजवीकडे गेले. माझं स्टिअरिंगवर बसणं त्यांनी आवाजावरून ओळखलं असावं, कारण तोवर त्यांनी दार लावलं नाही.

"गेटावर घेऊ का, अण्णा? नारळ..."

"नगं," ते म्हणाले. "त्यांना माजच वाटू दे."

मी गाडी वळवली. गेटाजवळून पुन्हा जाताना मी वेग वाढवला आणि अण्णांनी हसतमुखाने, बरोबर उलट्या बाजूला, कपाशीच्या रानाकडे तोंड करून हात हलवला.